व्हायोलिनची बडदास्त

पेटी विकत घेतलेला माणूस त्याच संध्याकाळी काहीतरी वाजवतो. भाता हलवला, पट्टी दाबली की सूर हजर. कारखान्यात कुणीतरी तो आधीच लावून ठेवलेला असतो. व्हायोलिनमध्ये तयार असं काहीच मिळत नाही. बॉक्स उघडायचा, गज ताणायचा, त्याला राळ लावायची, चार तारा जुळवायच्या, आणि एवढी उस्तवार केल्यावर जो पहिला आवाज निघतो तो ऐकून घरातली माणसं एकेक करून गॅलरीत जातात. अधिक महिन्यातल्या जावयाची ठेवतात तशी बडदास्त ठेवावी लागते. जावई निदान जेवून खूश तरी होतो.

मी हे वाद्य हातात धरलं ते मुलं कॉलेजात गेल्यावर. मैफल वगैरे करायची नाही हे पहिल्याच दिवशी ठरलेलं, त्यामुळे सरही निवांत आणि मीही. पण माझं एक मत बनत गेलंय, आणि ते सरांना अजिबात मान्य नाही. माझा कान पलट्यांनी, म्हणजे सुरांचे तेच ते क्रम उलटसुलट घोटण्याने, जेवढा तयार झाला, त्याहून जास्त या उस्तवारीने झाला.

राळेचंच घ्या. गजाला घोड्याच्या शेपटीचे दीड-दोनशे केस ताणून बसवलेले असतात. कोरा गज तारेवर कितीही घासा, तो नुसता सरकतो, आवाज नाही. नवशिक्याला वाटतं वाद्यच बिघडलंय. राळेची भुकटी केसांवर बसली की गज तार धरतो, थोडी ओढून नेतो, ती निसटते, तो पुन्हा धरतो. काळी एकच्या षड्जात, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी 'सा' धरली तर, ही धरपकड सेकंदाला सुमारे २७७ वेळा चालते. आपण ज्याला गोड सूर म्हणतो तो एवढ्या खेचाखेचीतून येतो. राळ कमी पडली तर सूर पोकळ, जास्त झाली तर खरखरीत. पूर्वीच्या पौराणिक नाटकांत राक्षस आला की मशालीवर राळ टाकून भडका उडवत. माझ्या सुरुवातीच्या यमन रागात राक्षस बिनभडक्याचाच येत असे.

वाजवून झालं की तारांवर आणि वाद्याच्या पोटावर, म्हणजे वरच्या फळीवर, सांडलेली पांढरी भुकटी कोरड्या मऊ फडक्याने पुसायची. राहिली तर वॉर्निशला चिकटून बसते. सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावून चकाचक करायचा मोह कुणाला झालाच, तर वॉर्निशही फडक्यासोबत निघून येतं. आणि गज सैल करून ठेवायचा. केसांना हात मात्र लावायचा नाही. तेलकट बोट लागलं की तेवढ्या जागी राळ धरत नाही.

बसण्याची पद्धत हा आणखी एक गमतीचा भाग. आपल्याकडे मांडी घालून, वाद्याचा एक भाग छातीला आणि नक्षीदार डोकं उजव्या पायाच्या घोट्यापाशी टेकवून वाजवतात. पुस्तकाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या घरात, सरस्वतीची ही वस्तू रोज पायावरच विसावते. आमच्या आईला पहिले काही दिवस हे पाहवत नव्हतं. पण या बैठकीत डावा हात मोकळा राहतो, आणि सतारीसारखे पडदे नसलेल्या पट्टीवर मींड काढताना बोट लांबवर घसरवता येतं. गजाननबुवा जोशी (१९११-१९८७) गायकही होते आणि व्हायोलिनवादकही. प्रभाकर जोगांच्या व्हायोलिनवर तर भावगीताचे शब्दसुद्धा ऐकू येतात असं लोक म्हणत. पडदे नसणं ही त्यांची चैन. आमची तीच पंचाईत.

खरी कसोटी ऋतूंची. हे लाकूड आमच्या जूनसाठी वाढलेलं नाही. चैत्रात, पुण्याच्या कोरड्या उन्हात खुंट्या आक्रसतात आणि बॉक्स उघडावा तर चारही तारा लोळत पडलेल्या. मग खुंटी फिरवताना आत दाबत फिरवायची, थोडा खडू लावायचा. मृग लागला की उलट. त्याच खुंट्या फुगून अशा बसतात की सूर दोन श्रुती, म्हणजे अगदी किंचित, हलवायला जावं तर हलतच नाही आणि हलली की चार श्रुती पुढे. गजाचे केस दमट हवेत लांबतात, स्क्रू कितीही फिरवा, ते ढिलेच. पोटाचं लाकूडही जरा वर येतं, तारा पट्टीपासून उंच होतात, बोटं दुखतात. ओळखीच्या जागेवर बोट ठेवलं तरी सूर चढतो, कारण तार जास्त दाबावी लागते. सर याला 'रियाज कमी पडतोय' म्हणतात. मी याला पावसाळा म्हणतो.

बॉक्स महिनाभर मिटून ठेवला तर आणखी एक पाहुणा येतो. लोकरीचे कपडे खाणाऱ्या किड्याच्या अळ्या गजाचे केसही कुरतडतात. उघडल्यावर केसांची तुटकी लव पडलेली दिसते. उपाय सोपा: उजेड, वारा आणि रोजचं वाजवणं. आळशी शिष्याला यापेक्षा कडक शिक्षा कुठला गुरू देणार!

आता कानाचं. व्हायोलिनच्या पोटाच्या आत एक स्प्रूसची बारीक काडी उभी असते, साउंडपोस्ट. तिला सरस नाही, खिळा नाही. वरच्या-खालच्या फळ्यांच्या दाबावर ती उभी. म्हणून तारा बदलताना एका वेळी एकच काढायची. चारही उतरवल्या की काडी आडवी होण्याची भीती, आणि मग इंग्रजी एस अक्षरासारख्या वाकड्या हत्याराने भोकातून ती उभी करणारा माणूस शोधत फिरा. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढून त्याचा नाद खुलवणारे पिढीजात हात आहेत. या काडीसाठी मात्र बरीच विचारपूस करावी लागते. ती जराशी सरकली तरी वाद्याचा स्वभाव बदलतो. वरची तार कर्कश होते नाहीतर खालची बसक्या आवाजात बोलते.

फळ्या चिकटवायचा सरस मुद्दाम बेताचाच वापरतात. दमट हवेत ताण आला तर सांधा सुटावा, पण लाकूड तडकू नये, हा त्यामागचा हिशेब. सांधा सुटला की एखाद्याच सुरावर झर्र असा आवाज येतो. मग बोटाच्या पेराने कडेकडेने टकटक करत जायचं. जिथे नाद पोकळ होतो तिथे सुटलाय. पहिल्यांदा मला सगळीकडे सारखंच ऐकू आलं. आता फरक कळतो. जुनी तार खाली सुरेल आणि वर गेल्यावर खोटी बोलते हेही कळतं, आणि अमुक सूर माझ्या बोटाने बिघडला की तिच्या वयाने, हेही बऱ्याचदा सांगता येतं. पलटे घोटताना मी बोटांकडे बघत होतो. तारा जुळवताना बघण्यासारखं काही नसतं, ऐकावंच लागतं.

सारंगीवाल्यांकडे पाहिलं की मात्र तक्रार करायची लाज वाटते. त्यांच्या तातीच्या (आतड्याच्या) मुख्य तारा तीन, पण खाली पस्तीसेक तरफा, म्हणजे न छेडता घुमणाऱ्या तारा, आणि प्रत्येक रागाला त्या पुन्हा जुळवायच्या.

गेल्या महिन्यात चारही तारा नव्या घातल्या, एकेक करून. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी पट्टीकडे झुकली होती, ती सरळ केली. दोन दिवसांनी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. "हल्ली बरंच सुधारलंय हं तुमचं," म्हणाल्या. "हो, रियाज चालू आहे," मी म्हणालो.