आधी घडी, मग मशीन

हातानं केलेलं कार्ड कुणाच्याही हाती द्या, डोळे चित्राकडे जातात आणि अंगठा घडीवर. घडीची कड पांढुरकी फुटली असेल, पुढचं पान मागच्यापेक्षा मिलिमीटरभर बाहेर डोकावत असेल, तर वर फुलांची कितीही आरास असो, अंगठ्याला कळायचं ते कळलेलं असतं. खरेदी मात्र बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सुरू होते. आधी रोलरचं मशीन, मग डायचा, म्हणजे नक्षी कापायच्या धारदार साच्यांचा, ढीग, मग चोवीस रंगांच्या शाया, आणि घडी घालायला हाताशी येईल ते, म्हणजे जुन्या एटीएम कार्डाची कड. खरं तर त्याला काय कमी पडतंय ते कार्ड स्वतःच दाखवत असतं. फक्त आपण ते बघेपर्यंत मशीनचं खोकं घरात येऊन पडलेलं असतं.

घडी फुटते त्यात अवजाराचा दोष कमी आणि कागदाचा जास्त. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू बहुतांशी एकाच दिशेनं निजलेले असतात. तोच त्याचा ग्रेन. ग्रेनला समांतर घडी गुमान बसते. आडवी घातली की तंतू मोडतात आणि वरचा थर तडकतो. गडद रंगाच्या किंवा छापील कागदावर तर आतला पांढरा गर लगेच दिसतो. ओळखायचं कसं? कागद घडी न पाडता नुसता वाकवायचा, एकदा उभा, एकदा आडवा. ज्या बाजूनं तो विरोध न करता वाकेल, त्या वाकेच्या रेषेला ग्रेन समांतर असतो.

आता यातली गंमत पाहा. ए४ कागदाचा ग्रेन बहुतेक वेळा लांब बाजूनं, म्हणजे २९७ मिलिमीटरच्या बाजूनं धावतो. तो मधोमध कापून दोन ए५ केले आणि एकेकाची घडी घालून ए६ कार्ड केलं, तर १४८ मिलिमीटरची घडी ग्रेनला समांतर येते. तोच ए४ उभा चिरून १०५ रुंदीच्या दोन लांब पट्ट्या केल्या आणि त्या मधोमध दुमडल्या, तरी कार्ड ए६च होतं, पण घडी ग्रेनला आडवी जाते. माप तेच, कागद तोच. एक फुटतं, दुसरं नाही. पूर्ण ए४ दुमडून ए५ कार्ड करतानाही घडी आडवीच येते. त्यामुळे मोठं कार्ड करायचं तर कागद घेतानाच ग्रेन तपासलेला बरा. हातकागदात तंतू बरेचसे सर्व दिशांना पसरलेले असल्यानं ग्रेनचा जाच कमी. तिथे वेगळाच धोका असतो: कागदात घातलेली पाकळी किंवा काडी नेमकी घडीच्या रेषेवर आली की कागद तिथे उसवतो.

कार्डाच्या पायासाठी २५० ते ३०० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद लागतो. २००च्या खाली गेलात तर कार्ड उभं राहत नाही, विशेषतः पुढच्या पानावर थर चढवल्यावर. वरच्या थरांना आणि फुलांना १६० ते २०० पुरे. हे आकडे एवढ्यासाठी सांगायचे, की पुढच्या प्रत्येक अवजाराची कुवत याच आकड्यांवर मोजायची असते.

२५०च्या वरचा कागद नुसत्या बोटांनी दुमडू नये. आधी रेघ दाबायची, मग दुमडायचं. त्यासाठी स्कोरिंग बोर्ड मिळतो, ठरावीक अंतरावर खाचा असलेला. त्याचा खरा फायदा अचूकपणात नाही, मोजणी वाचण्यात आहे. दोन-चार कार्डांसाठी लोखंडी पट्टी, खाली थोडा मऊ पुठ्ठा आणि शाई संपलेलं बॉलपेन एवढ्यानं तितकीच सरळ रेघ पडते. पन्नास कार्डं करायची असतील तर मात्र प्रत्येकावर पेन्सिलीनं मध्य काढणं जिवावर येतं आणि तिथे बोर्ड कामाला येतो. रेघ दाबली की एका बाजूला खाच पडते, दुसऱ्या बाजूला बारीक उंचवटा येतो. दुमडताना उंचवटा घडीच्या आत राहिला पाहिजे. खाच बघून त्याच बाजूला दुमडायचा हात नकळत जातो, आणि तिथेच चुकतं. दाबल्यामुळे सुटे झालेले कागदाचे थर आतल्या बाजूला फुगायला मोकळे राहिले, तर बाहेरच्या थरावर ताण कमी येतो. जाड कागदाला रेघ दाबायच्या अवजाराचं गोळीचं टोकही थोडं जाडच हवं; अणकुचीदार टोक रेघ दाबत नाही, कापते.

घडी बसवायला बोन फोल्डर, म्हणजे घडीवरून दाबत फिरवायची चपटी पट्टी. हाडाचा फोल्डर चांगला धारदार घडी पाडतो, पण गडद मॅट कागदावर चकाकी सोडून जातो. टेफ्लॉनचा सोडत नाही. टेफ्लॉनचा महाग असतो, म्हणून हाडाचाच वापरायचा असेल तर मध्ये पातळ कागदाचा कपटा धरावा आणि त्यावरून फिरवावा. एका लांब सलग फटक्यात घडी बसते. मागेपुढे घासत राहिलं की कागद ताणतो आणि कडा जुळत नाहीत.

घडीनंतर कड. कापण्याच्या अवजारांत सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो. सरकत्या पात्याचा छोटा ट्रिमर हलका आणि स्वस्त. पातळ आणि मध्यम कागदाला उत्तम. ३०० जीएसएमला दोन-तीनदा पातं फिरवावं लागतं. हातकागदाचे लांब तंतू ते कापण्याऐवजी ओढतं आणि कडेला लव उभी राहते. गुळगुळीत कार्डशीटवरही तशी लव दिसायला लागली, की समजायचं, पातं बोथट झालं. तरफेच्या हातानं कापणारा गिलोटिन जाड कागदाला भारी पडत नाही, पण पातं खाली येताना कागद स्वतःकडे ओढून घेतं. म्हणून कागद दाबून धरणारी पट्टी नसलेला गिलोटिन घेऊच नये. आणि हात खाली आणताना तो स्थिर पात्याकडे किंचित दाबत आणायचा. दोन पात्यांत फट राहिली तर कागद कापला न जाता फटीत दुमडतो. चाकाच्या पात्याचा कटर गडगडत जातो, ओढत नाही, त्यामुळे हातकागदाला आमचं मत त्यालाच. त्याच्या पात्याला खड्डा पडला तर ओळखायला सोपं असतं: ४५ मिलिमीटर व्यासाचं चाक एका फेऱ्यात साधारण १४ सेंटिमीटर चालतं, म्हणून दर १४ सेंटिमीटरला एक न कापलेला टाका राहतो.

कुठलाही ट्रिमर घेतला की त्याचा काटकोन तपासावा, त्याच्यावर छापलेल्या रेषांवर विसंबू नये. सरळ कडेचा कागद ट्रिमरच्या टेकणीला, म्हणजे कागद टेकवायच्या उंच कडेला, लावून मधोमध कापायचा. दोन्ही तुकडे टेकणीला लावूनच ठेवायचे आणि त्यातला एक उलटा करून कापलेली कड कापलेल्या कडेला भिडवायची. मध्ये पाचरीसारखी फट दिसली, तर खरी चूक त्या फटीच्या निम्मी आहे. चूक अशी दुप्पट होऊन दिसते हाच या चाचणीचा फायदा. टेकणीचे स्क्रू सैल करून सरळ करता येत असतील तर ठीक, नाहीतर ट्रिमर परत करावा.

चाकू कमी लेखू नये. तुटणाऱ्या पात्याचा कटर १९५६ साली जपानमध्ये ओल्फाच्या संस्थापकांनी काढला. चॉकलेटच्या वडीवरच्या रेघा आणि फुटलेल्या काचेची धार यांवरून ती कल्पना सुचली असं ती कंपनी सांगते. कल्पना साधी, पण तिचा उपयोग करणारे थोडेच. टोक बोथट झालं तरी लोक पुढचा तुकडा मोडत नाहीत, उलट जोर वाढवतात, आणि मग पट्टी सरकते, बोटाला लागतं. जाड कागद एका दमात कापायचा नसतो. पहिला हात रेघ पाडण्यापुरता हलका, मग त्याच वाटेनं दोन-तीन हात. पट्टी लोखंडी, खाली कॉर्क लावलेली. आणि ती ठेवायच्या तुकड्यावर धरायची, टाकायच्या नव्हे. चाकू घसरला तर रद्दीत घसरेल. खिडकीसारख्या बारीक कापणीला ११ नंबरचं टोकदार पातं. खालची कटिंग मॅट पीव्हीसीची असते. उन्हात किंवा हीट गनखाली (गरम हवा सोडणाऱ्या अवजाराखाली) ती वाकते आणि वाकलेली मॅट पुन्हा सपाट होत नाही.

एवढं झाल्यावर मशीनचा विचार. डाय कापायचं हातानं फिरवायचं मशीन म्हणजे दोन रोलर आणि त्यांच्यात ठरलेली फट, बाकी काही नाही. त्या फटीत बसणारा थर नीट लागला की काम होतं. खाली पाया, त्यावर कापायची प्लेट, मग कागद, त्यावर धारेची बाजू खाली केलेली डाय, आणि वर दुसरी प्लेट. थराचा क्रम आणि जाडी मशीनप्रमाणे बदलते, म्हणून एका मशीनच्या प्लेटा दुसऱ्यात घालताना आधी जाडी मोजावी. पातळ पोलादी डाय आणि लाकडात किंवा फोममध्ये बसवलेली जाड पट्टीची डाय यांच्या जाडीत मोठा फरक असतो. दोन्ही घेणारं मशीन हवं की नाही, हे डाय विकत घेण्याआधी ठरवायचं. रुंदीचं गणित सोपं आहे. ए६ कार्डांना सहा इंची तोंड पुष्कळ झालं. ए४ रुंदीचं मशीन मोठं, जड, आणि टेबलाचा कोपरा कायमचा अडवणारं.

पहिल्यांदा फिरवताना प्लेटांतून कडकड आवाज येतो, तो नेहमीचाच. पण दांडा अडला तर जोर करायचा नाही, उलटा फिरवून थर बाहेर काढायचा. बहुधा एक प्लेट जास्त झालेली असते. नक्षीचा एखादा कोपरा कापला जात नसेल, तर आख्ख्या थरावर कागद वाढवण्याऐवजी फक्त त्या कोपऱ्यावर साध्या कागदाचा तुकडा ठेवून पाहावं. लांब सरळ कडेची डाय रोलरला समांतर ठेवली तर सगळी धार एकाच क्षणी रोलरखाली येते, मशीनला धक्का बसतो आणि काप अर्धवट राहतो. ती थोडी तिरकी ठेवली की धार टप्प्याटप्प्यानं आत जाते. प्लेटा वापरानं वाकतात. दर वेळी पालथ्या करत राहिलं तर वाक दोन्हीकडे सारखा होत राहतो. बारीक जाळीत अडकलेला कागद निघत नसेल तर डाय आणि कागद यांच्यात मेणकागद घालून कापावं, तो सुटसुटीत बाहेर येतो.

याच मशीनवर एम्बॉसिंग फोल्डरही (कागदावर नक्षीचा उठाव दाबणारा दुपानी साचा) चालतो, पण त्याचा थर वेगळा. डायच्याच थरात फोल्डर घुसवला तर फोल्डरला तडा जातो, निदान कागद तरी नक्षीच्या कडेनं फाटतो. फार जाड किंवा कोरडा कागद तडकत असेल तर पाण्याचा अगदी हलका फवारा मारून, ओल आत मुरल्यावर दाबावा. शाईनं छापलेल्या कागदावर हा फवारा कसला डाग सोडेल ते मात्र आधी कपट्यावर पाहावं.

संगणकाला जोडून कापणाऱ्या मशीनबद्दल जरा हात राखून बोलावं लागतं. त्यात डायचा ढीग लागत नाही, हवं ते अक्षर हवं त्या मापात कापता येतं, आणि नाव घातलेली कार्डं करायची असतील तर दुसरा पर्याय नाही. पण त्याचं पातं ओढत नेलं जातं आणि ट्रॉलीच्या पुढच्या चाकासारखं आपसूक वळतं. टोक आसाच्या जरा बाजूला असतं. त्यामुळे पाच-सहा मिलिमीटरच्या अक्षरांचे कोपरे गोल होतात किंवा कागद उचकटतो. कागद ज्या चिकट मॅटवर बसवून मशीनमध्ये घालतात, तिला हातकागदाचे तंतू धरून बसतात आणि काढताना कागदाचा पापुद्रा तिथेच राहतो. कागद मॅटपासून उचलायचा नाही. मॅट उलटी करून कागदापासून वाकवत न्यायची, म्हणजे कागद गुंडाळत नाही. प्रत्येक नव्या कागदावर आधी छोटा चौकोन आणि त्यात त्रिकोण असा नमुना कापून पातं किती खोल जातंय ते पाहावं. आणि घेण्याआधी एक गोष्ट विचारावी: आपली एसव्हीजी फाइल (रेषांच्या स्वरूपात साठवलेलं चित्र) त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पैसे न भरता उघडते का, इंटरनेट नसताना मशीन चालतं का. मशीन दहा वर्षं टिकेल, सॉफ्टवेअरची अट त्याआधी बदलू शकते.

हीट गनबद्दल थोडक्यात. ओल्या शाईच्या छापावर टाकलेली उठावाची पावडर वितळायला केस वाळवायचं यंत्र चालत नाही. त्याची उष्णता कमी आणि वारा जास्त, पावडर उडून जाते. हीट गनही आधी बाजूला धरून तापवावी, मग कागदाजवळ आणावी. पावडर चमकली की थांबायचं. पुढे तापवत राहिलं तर ती कागदात मुरते, उठाव बसतो आणि तेलकट डाग दिसतो. छाप मारण्याआधी कागदावर अँटिस्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज घालवणारी, पिशवी फिरवली तर इकडेतिकडे दाणे चिकटत नाहीत.

डिंकात पाणी असतं, आणि पाण्यानं कागद वाकतो. म्हणून मोठ्या सपाट थराला डबल साइडेड टेप, आणि बारीक, सरकवून जागेवर बसवायच्या तुकड्यांना डिंक. फोम टेपनं थर उचलून दिसतो, पण कार्ड जाड होतं. ए६ कार्ड १०५ बाय १४८, त्याचं सी६ पाकीट ११४ बाय १६२. म्हणजे एका बाजूनं ९ आणि दुसऱ्या बाजूनं १४ मिलिमीटरची सवड. फोमचे दोन-तीन थर आणि वर फूल चढलं की ती सवड जाडीतच संपते, आणि पाकिटाची झडप बंद होत नाही. म्हणून फोम टेप कापायच्या आधी एक कोरं कार्ड तेवढे थर लावून पाकिटात घालून पाहावं. अडकलं तर थर कमी करायचा, किंवा स्कोरिंग बोर्ड पुन्हा काढून जाडीला जागा ठेवलेलं पाकीटच घरी करायचं: प्रत्येक घडीला एकाऐवजी दोन रेघा, मधलं अंतर कार्डाच्या जाडीइतकं.