रेघेतलं कापड

फॅशनची चित्रं काढणाऱ्यांना चित्रकार आपल्या पंगतीला बसवत नाहीत आणि शिवणारे ‘कागदावर काढायला काय जातंय’ म्हणून मोकळे होतात. फॅशनची चित्रकार आणि शिक्षिका म्युरिएल पेंबर्टन मला आवडते ती यासाठी, की तिने ही दोन्ही घरं नांदवली.

तिचा जन्म १९०९चा, इंग्लंडमधल्या टनस्टॉलचा. कपबशांच्या भट्ट्यांचा मुलूख. १९२८ साली ती लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये आली. शिकायची होती फॅशन, आणि तिथे तो विषयच नव्हता. प्राध्यापक ट्रिस्ट्रम म्हणाले, मग अभ्यासक्रम तूच आख. (आपल्याकडे एक पेपर बदलायचा तर तीन समित्या बसतात, आणि त्यातली एक चहालाच.) पोरीने खरंच आखला. राजघराण्याचे कपडे शिवणाऱ्या रेव्हिलकडे गेली. चित्रं काढून द्यायची आणि बदल्यात आतलं काम बघायचं. बेतणं शिकायला आणखी एका शाळेत. १९३१ साली फॅशनचा डिप्लोमा हातात पडला, त्या कॉलेजातला पहिला.

मग लंडनच्याच सेंट मार्टिन्स या कलाशाळेत आठवड्याला थोडे तास शिकवणं सुरू झालं. जोडीला ‘न्यूज क्रॉनिकल’ हे वर्तमानपत्र आणि ‘व्होग’ मासिकासाठी चित्रं. हे काम दिसतं तितकं नाजूकसाजूक नव्हे. त्या काळी पॅरिसची बडी फॅशनघरं नकलेच्या धास्तीने शो चालू असताना कागद-पेन्सिल काढू देत नसत. मॉडेल समोरून गेली की बाही कुठून सुटली, घेर तिरप्या कापडाचा की चुण्यांचा, हे डोळ्यांनी उचलायचं आणि बाहेर येऊन उतरवायचं. आमचा शिंपी पावतीच्या कोपऱ्यात ब्लाउजचा गळा काढतो, त्या वेड्यावाकड्या रेघेत अस्तर, हूक, नाडी, सगळं असतं; पण तो निदान टेप लावून माप घेतो.

असं बघायची सवय असलेली व्यक्ती शिकवायला उभी राहिली, हेच मला मोलाचं वाटतं. पेंबर्टनबाईंच्या हाताखाली त्या थोड्या तासांचा अख्खा विभाग झाला. चित्र काढता आलंच पाहिजे, हा त्यांचा आग्रह. १९७५ साली त्या निवृत्त झाल्या, तोवर सेंट मार्टिन्सच्या चेअरिंग क्रॉस रोडवरच्या इमारतीतून बिल गिब, ब्रूस ओल्डफील्ड, कॅथरिन हॅम्नेट असे विद्यार्थी बाहेर पडले होते. एकाचं दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. गिबचे झगे भरतकामाने, विणकामाने नुसते लगडलेले. ओल्डफील्डच्या गाऊनमध्ये राजकन्या डायाना मिरवली. आणि हॅम्नेट १९८४ साली पंतप्रधान मार्गारेट थॅचरना भेटायला डाउनिंग स्ट्रीटला गेल्या, तेव्हा अंगातल्या टी-शर्टवर ठळक अक्षरांत छापलं होतं, की ५८ टक्के लोकांना पर्शिंग ही अमेरिकी अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं नकोत. बेतायला म्हणाल तर त्यात काही नव्हतं. दोन बाह्या आणि एक गोल गळा.