निळूच्या नाकाला काम

निळूने दिवाणावरची गादी फाडली ती गेल्या एप्रिलमध्ये, भर दुपारी. मी दुकानातून जेवायला घरी आले तर हॉलभर कापूस, आणि मधोमध हा चारही पाय वर करून घोरत पडलेला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता चिडतील. पण म्हणाल्या, "अगं, त्याला काहीतरी काम दे. रिकामा बसवलायस तू त्याला."

निळू सायबेरियन हस्की. एक डोळा निळा, दुसरा तपकिरी. मुंबईतल्या एका कुटुंबाला फ्लॅटमध्ये त्याला सांभाळणं जमेना, म्हणून दोन वर्षांचा असताना तो आमच्याकडे नाशिकला आला. मी होऊन हस्की कधीच विकत घेतला नसता. कुणी विचारलं तर आजही सांगते, आपल्या हवेत ही जात आणू नका. पण जो जीव दारात आलाय त्याचं नीट करायलाच हवं.

सासूबाईंच्या बोलण्यानंतर मी या जातीबद्दल वाचायला घेतलं. सायबेरियाच्या ईशान्य टोकाला चुकची लोकांनी ही कुत्री पिढ्यानपिढ्या बर्फावरची गाडी ओढायला वाढवली. १९२५ मध्ये अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा सुमारे १,०८५ किलोमीटर अंतर कापून त्यावरचं औषध अशाच कुत्र्यांच्या गाड्यांनी पोचवलं. वीस गाडीवान, दीडशेच्या आसपास कुत्री, साडेपाच दिवसांहूनही कमी वेळ. त्यातला सगळ्यात लांब आणि धोक्याचा टप्पा टोगो नावाच्या हस्कीने पुढे राहून पार केला. तेव्हा तो बारा वर्षांचा होता! हे वाचलं आणि माझ्या पोटात तुटलं. अशा कुळातल्या कुत्र्याला मी सकाळी वीस मिनिटं कॉलनीत फिरवत होते आणि दिवसभर शहाण्यासारखं बस म्हणत होते.

बरं, पळवायचं म्हटलं तरी उन्हाळ्यात पळवणार कसं? पहाटे पाचला आम्ही सोमेश्वरच्या बाजूला जातो आणि सातच्या आत घरी येतो. त्यानंतर रस्त्यावर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद ठेववत नसेल, तर कुत्र्याचे तळवेही तिथे ठेवायचे नाहीत. कुणीतरी सुचवलं, केस भादरून टाका. ते मुळीच करू नका. आतली दाट लव त्याला थंडीपासून जपते तशीच उन्हापासूनही जपते. रोज विंचरून सुटलेले केस काढले की पुरे.

म्हणजे पाय दमवायची सोय नाही. राहिलं नाक.

माझं शिवणकामाचं दुकान, त्यामुळे चिंध्यांना तोटा नाही. बाजारातून भोकांचं रबरी पायपुसणं आणलं. सासूबाईंनी आयुष्यभर गोधड्या शिवल्यात. त्यांनी होजिअरीच्या वीतभर पट्ट्या कापल्या आणि एकेका भोकातून ओवून गाठी मारल्या. तीन दुपारी लागल्या. चटई इतकी दाट झाली की बोटं घातली तर तळ लागेना. त्यात निळूचं दुपारचं खाणं दाणा दाणा करून पेरलं.

पहिल्या दिवशी त्याने चटई तोंडात धरून सरळ झटकली, दाणे घरभर. दुसऱ्या दिवसापासून मी एक कड पायाखाली दाबून बसू लागले. मग त्याने नाक खुपसलं. जवळ बसून ऐका कधीतरी. आधी भराभर बारीक श्वास, मग मध्येच जोरात 'फुस्स', म्हणजे नाक साफ करून पुन्हा नव्याने वास. दाणा सापडला की कान मागे जातात. जे जेवण दोन मिनिटांत संपायचं त्याला पंचवीस मिनिटं लागली. नंतर फरशीवर शेपूट नाकावर घेऊन तो झोपला ते चार वाजेपर्यंत.

अंगणात एक कोपरा वाळूचा केलाय. वाळू ओली ठेवते, त्यात दोरीची खेळणी पुरते. तुळशीच्या कुंड्या तेव्हापासून शाबूत आहेत. लेक शाळेतून आली की ती लपते आणि मी "शोध" म्हणते. दह्यात गाजराचे तुकडे घालून स्टीलच्या डब्यात गोठवलं की ते चाटण्यात अर्धा तास जातो. मात्र मीठ-साखर काही नाही. आणि आपल्या नाशिककरांसाठी खास सांगते: द्राक्षं, बेदाणे आणि कांदा कुत्र्याला अजिबात चालत नाहीत. द्राक्षांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. हंगामात शेजारून पेटी आली की आमच्याकडे ती थेट कपाटात जाते.

एवढं करूनही हस्की तो हस्कीच. ऑगस्टमध्ये चार दिवस पाऊस लागला, माझी गडबड होती, चटई कोरडीच पडून राहिली. पाचव्या दिवशी त्याने मागच्या दाराची कडी नाकाने उचलली आणि गेला. दीड तास आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. सापडला एका रसवंतीपाशी, बर्फाच्या लादीवरच्या गोणपाटाला गाल लावून बसलेला. रसवंतीवाल्या काकांनी त्याच्या पट्ट्यात सुतळी ओवून धरून ठेवलं होतं. त्यांच्यासमोर मला रडू आवरेना. तेव्हापासून कडीला वर खिटी आहे, फिरायला दहा मीटरची दोरी आहे, आणि नाकाचं काम एकही दिवस चुकवलेलं नाही.

रोज तेच मात्र चालत नाही. लॅब्रॅडॉर एकच खेळ वर्षभर आनंदाने खेळेल, याला आठवड्यात कळतं आणि मग तो तोंड फिरवतो. म्हणून मी दाणे कधी चटईत, कधी रिकाम्या अंड्यांच्या ट्रेमध्ये, कधी गुंडाळलेल्या जुन्या टॉवेलमध्ये लपवते.

गेल्या सोमवारी पाहिलं, तर तो चटईतल्या पट्ट्यांच्या गाठी दातांनी हळूहळू सोडवत होता. फाडत नव्हता, सोडवत होता. सासूबाईंनी चष्मा लावून बारकाईने पाहिलं आणि संध्याकाळी चटई दुकानात घेऊन आल्या. आता प्रत्येक पट्टीला मशीनची दुहेरी टीप मारतोय. निम्मी झाली आहे.