विक्रोळीचे काका आणि पेडण्याचा बोगदा

माझं पुस्तक आल्यापासून "छान लिहिलंयस", "मस्त जमलंय" असे मेसेज येतायत आणि आवडतातच ते, खोटं कशाला बोलू. पण गेल्या आठवड्यात विक्रोळीहून एका काकांचा मेसेज आला, त्यांना नुसतं थँक यू म्हणून भागेना म्हणून हे लिहितोय.

पुस्तक म्हणजे कोकण रेल्वेच्या दिवा-सावंतवाडी पॅसेंजरचा प्रवास. क्रॉसिंगला गाडी रखडली की खाली उतरायचं, वडे खायचे, गप्पा हाणायच्या, असला निवांत मामला. रत्नागिरीजवळच्या करबुडे बोगद्यावर त्यात जेमतेम दोन ओळी आहेत, साडेसहा किलोमीटर अंधार आणि डब्यात एक बाळ रडायला लागलं, एवढंच.

काकांनी नेमक्या त्याच ओळी धरल्या. पानाचा फोटो पाठवलाय, खाली पेन्सिलची रेघ आणि बाजूला बारीक अक्षरात "धूर काढायचे पंखे?" काका नव्वदच्या दशकात कोकण रेल्वेच्या कामावर होते, एका ठेकेदाराकडे. मेसेज बोलून टाइप केलेला, ना स्वल्पविराम ना पूर्णविराम, मध्येच काकूंना "चहा टाक गं" म्हटलेलंही तसंच आलंय! त्यांचं म्हणणं, कातळ परवडला, सुरुंग लावा, मलबा उपसा, पुढे सरका. खरा जीव काढला तो गोव्यात पेडण्याच्या बोगद्यातल्या मऊ मातीने, आज खणावं तर उद्या चिखल परत आत, वरून पाऊस कोकणातला. त्या सगळ्या कामात माणसंही गेली. बाकीची लाईन होत आली तरी पेडणं काही आटपेना, आणि मग कुठे २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरपर्यंत सलग गाडी सुरू झाली.

हे सगळं सांगून काका विचारतात, तुमचं पुस्तक सावंतवाडीलाच का हो संपतं, मडुरे सोडलं की लगेच तर आमचा बोगदा.

आता ह्याला काय म्हणणार? त्यांनी कौतुकाचा एक शब्द लिहिलेला नाही, पण इतकं मन लावून माझं पान दुसऱ्या कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. काका, मनापासून आभार. पंख्यांबद्दल तुम्हीच सांगा, मी वही घेऊन येतो.

पेडण्याला जायला मांडवी एक्स्प्रेसची तिकिटं बघतोय. काकूही येतायत, आणि "मांडवीत खायला भरपूर मिळतं, तेव्हा मी डबा करणार नाही" हे त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय.