बुधवारातलं वेड

इंग्रजी वारांची स्पेलिंगं पाठ करताना माझी गाडी नेहमी एकाच जागी अडायची. मंडे, ट्यूजडे सुरळीत जायचे आणि मग वेन्सडे यायचा. उच्चारात कुठेच नसलेला 'डी' त्याच्या पोटात दडी मारून बसलेला. बाईंनी तोडगा दिला होता, मनात 'वेड-नेस-डे' म्हणा, कागदावर चुकणार नाही. चाळिशी उलटली तरी मी अजून वेड-नेस-डेच म्हणते.

तो मुका डी मला पुन्हा भेटला इंग्लंडात, बसच्या पाटीवर. ताई वुल्व्हरहॅम्प्टनला राहते आणि शेजारच्या गावाचं नाव वेन्सफील्ड. "म्हणजे वोडेनचं शेत," भाचीनं माहिती पुरवली. वोडेन हा जुन्या अँग्लो-सॅक्सन लोकांचा मोठा देव. हे लोक ख्रिस्ती होण्याआधीच इंग्लंडात येऊन राहिले होते. व्हायकिंग त्यांच्या मागून काही शतकांनी आले, तेही हेच देव घेऊन, फक्त त्यांच्या तोंडी वोडेनचा ओडिन झाला होता.

रोमन लोकांचा ग्रहांचा आठवडा या मंडळींच्या पूर्वजांना आवडला, ग्रहांवरचे परके देव मात्र नाही. मग मार्सला उठवून टीव बसवला, मर्क्युरीच्या जागी वोडेन, ज्युपिटरच्या जागी थॉर, व्हीनसच्या जागी फ्रिग. त्याच ग्रहांचे आपले मंगळ, बुध, गुरू, शुक्र. थोडक्यात, जागा तीच, भाडेकरू वेगळे. आमचा बुध बुद्धीचा कारक. वोडेनही ज्ञानाचा एवढा लोभी की एका विहिरीचं पाणी प्यायला मिळावं म्हणून त्यानं स्वतःचा एक डोळा देऊन टाकला. पण त्याच्या नावाचा अर्थ निघतो उन्माद, झपाटलेपण. ब्रेमेनच्या अ‍ॅडम नावाच्या धर्मगुरूनं अकराव्या शतकातच लिहून ठेवलंय, वोडन म्हणजे उन्माद. वेड-नेस-डे! भाषाशास्त्री याला निव्वळ योगायोग म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. तरी बाईंना एकदा कळवायला हवं होतं.

गुरुवारची तर आणखी गंमत. आईचा गुरुवार म्हणजे दत्ताचा उपास, साबुदाणा, फार तर एक केळं. आणि ज्याच्या नावाचा हा थर्सडे, तो थॉर! त्याचा हातोडा एका राक्षसानं पळवला आणि बदल्यात फ्रेया देवी बायको म्हणून मागितली. तेव्हा हा दाढीवाला गडी नवरीचा वेश घेऊन, तोंडावर पदर ओढून त्याच्या घरी गेला आणि पंगतीत एक अख्खा बैल, आठ सामन मासे आणि तीन पिंपं मद्य संपवून मोकळा झाला. राक्षस चक्रावला, नवरी एवढं खाते? करवली बनून सोबत गेलेला लोकी नावाचा खोडकर देव म्हणाला, "तुमच्याकडे यायच्या ओढीनं तिनं आठ दिवस उपास केलाय हो." उपासाचा हा संदर्भ आईला सांगायची माझी अजून छाती झालेली नाही.

धर्म बदलल्यावर हे जुने देव वारांतून हाकलायचे प्रयत्नही झाले. आइसलँडमध्ये बाराव्या शतकाच्या सुरुवातीला होलारच्या योन नावाच्या बिशपनं ते जमवून दाखवलं. तिथे आजही मंगळवार म्हणजे 'तिसरा दिवस', गुरुवार 'पाचवा', शुक्रवार 'उपासाचा' (घ्या, शेवटी उपास आलाच). पोर्तुगीजांनीही सोमवार ते शुक्रवारांना नुसते आकडे दिले. आकड्यांचे वार घेऊन ते गोव्यात आले, साडेचारशे वर्षं राहिले, पण गोव्यातले ख्रिस्ती लोक कोकणीत अजून मंगळार, बुधवार, बिरेस्तार असंच म्हणतात. बिरेस्तार म्हणजे आपला बृहस्पतवार. चर्चला जायचा वारही आयतार, म्हणजे आपला आदित्यवार!

इंग्लंडातल्या पाद्र्यांनी या भानगडीत पडायचंच टाळलं असावं. किंबहुना त्यांनी आपला नरकच जुन्या सामानातून उभा केला. 'हेल' हा शब्द बायबलाबरोबर आलेला नाही, तो त्याआधीचा. मूळ अर्थ झाकलेली, लपलेली जागा, मेलेल्यांची. उत्तरेकडच्या, म्हणजे व्हायकिंगांच्या, कथांत हेल ही त्या जागेची मालकीण, लोकीची मुलगी. अर्धं अंग माणसाच्या रंगाचं, अर्धं काळंनिळं. लढाईत न मरता म्हातारपणानं, आजारानं जाणारे तिच्याकडे जायचे. तेराव्या शतकात आइसलँडच्या स्नोरी स्टर्लुसन या लेखकानं तिच्या घराचं वर्णन केलंय. ताटाचं नाव भूक, सुरीचं नाव दुष्काळ, अंथरुणाचं नाव आजारपण. आगबिग काही नाही, नुसतं धुकं आणि गारठा. म्हणजे इंग्रजीत 'गो टू हेल' म्हणणारा माणूस चिडून ज्या धगधगत्या कढईकडे बोट दाखवतो, तिथल्या पाटीवर नाव आहे एका थंडगार बाईचं. आपल्या 'मसणात जा'मध्ये निदान पत्ता तरी बरोबर आहे.

मला खरी थबकवून गेली ती मात्र 'विअर्ड'. हल्ली कुणालाही, कशालाही विअर्ड म्हणतात. शेजाऱ्याला, सासूला, पिझ्झ्यावरच्या अननसाला. जुन्या इंग्रजीत 'विर्ड' म्हणजे नियती. उत्तरेकडे तिचीच बहीण उर्द, मूल जन्मलं की येऊन त्याचं आयुष्य ठरवणाऱ्या देवतांपैकी एक. शेक्सपिअरच्या मॅकबेथमधल्या तिघी चेटकिणींना 'विअर्ड सिस्टर्स' म्हटलंय ते या अर्थानं, भविष्य जाणणाऱ्या बहिणी. लोकांना पुढे नियती विसरली आणि चेटकिणींचा विचित्रपणा तेवढा लक्षात राहिला.

हे वाचलं आणि मला आजी आठवली. माझ्या धाकट्या भावाच्या पाचवीला तिनं पाट्या-वरवंट्याची पूजा मांडली होती, शेजारी कोरा कागद आणि पेन. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. त्या रात्री आजी तिचं नाव घ्यायची ते हात जोडून. आणि एरवी मी दूध सांडलं, फुलपात्र हरवलं, की त्याच तोंडानं, "कुठे उलथलीस गं सटवे?" एकाच देवीची दोन्ही कामं आजीच्या घरात बिनतक्रार चालायची. नशीबही तिनंच लिहायचं आणि शिवीही तिनंच व्हायचं.

परवा ताईशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. मागे स्वयंपाकघरात भाचीच्या हातून डाळीचा डबा निसटला. "व्हॉट द हेल!" भाची किंचाळली. ताईनं मान वळवली आणि, तीस वर्षं इंग्लंडात काढलेली माझी ताई, अगदी आजीच्या आवाजात म्हणाली, "तोंड सांभाळ गं सटवे, आणि आधी ती डाळ गोळा कर."