गाढवभाऊ आणि मी

"पालखी नाही, टाळ नाही, मग ही कसली गं वारी?" निघायच्या आदल्या रात्री आईने फोनवर विचारलं. गुब्बिओ गाव मागे पडल्यावर मलाही तेच वाटायला लागलं. आळंदीहून निघालो होतो तेव्हा दिंडीच्या रेट्यानेच पाय उचलले जायचे. इथे मी, पाठीवरची सॅक आणि खांबांवरच्या पिवळ्या-निळ्या खुणा. इटलीतल्या उंब्रियात गुब्बिओ ते असिसी, तीन दिवसांत पन्नासेक किलोमीटर.

संत फ्रान्सिस हीच वाट उलट्या दिशेने चालला होता. असिसीतल्या श्रीमंत कापडवाल्याचा मुलगा. पैशांवरून बापाने बिशपसमोर खेचलं, तर पठ्ठ्याने अंगावरचे कपडेही उतरवून बापाच्या हवाली केले आणि ऐन थंडीत निघाला. वाटेत चोरांनी बर्फाच्या खड्ड्यात ढकललं. गुब्बिओत एका ओळखीच्या माणसाने अंगरखा दिला.

दुसऱ्या दिवशी वाल्फाब्रिकाच्या अलीकडे माझ्या डाव्या टाचेला फोड आला. वारीत एका मावशींनी शिकवलेलं, तसा सुईने दोरा आरपार ओवला आणि तिथेच ठेवला. उतारावर गुडघाही बोलायला लागला. मी त्याला मनापासून शिव्या घातल्या.

फ्रान्सिस स्वतःच्या शरीराला 'गाढवभाऊ' म्हणायचा. ओझं वाहायचं, चाबूक खायचा आणि पोटाला जेमतेम मिळवायचं. हे मला कधीच पटलं नाही. ज्याने सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हटलं, तेही लॅटिन सोडून आपल्या उंब्रियन बोलीत, त्याने घरच्याच भावाला इतकं राबवावं? उपास, थंडी, पायपीट. १२२४ साली ला व्हेर्नाच्या डोंगरावर त्याच्या अंगावर येशूच्या जखमा उमटल्या, असं मानतात. मग डोळे गेले. वैद्यांनी तापलेल्या लोखंडाने जबड्यापासून भुवईपर्यंत डागलं. त्याआधी तो आगीला म्हणाला होता, भाऊ, जरा सांभाळून घे. शेवटी-शेवटी त्याने गाढवभाऊचीही माफी मागितली म्हणतात. ३ ऑक्टोबर १२२६ ला, चव्वेचाळीसच्या आसपास असताना, तो गेला. उघड्या जमिनीवर निजून.

तिसऱ्या दिवशी चढ संपला आणि समोरच्या टेकडीवर बॅसिलिका, म्हणजे फ्रान्सिसच्या समाधीवरचं मोठं चर्च, दिसली. कळस दिसल्यावर वारकरी धावतात. मी लंगडत गेले.

समाधी तळघरात आहे. लोखंडी पट्ट्यांनी बांधलेली दगडी पेटी. ती इतकी खोल पुरली होती की १८१८ साली बावन्न रात्री खणल्यावर सापडली. देवळाच्या सवयीने मी बाकाखाली बूट काढले. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने माझ्या टाचेतल्या दोऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. निघताना बूट परत चढवला आणि तोंडून "आई गं!" निसटलं. तेवढ्यात स्पीकरवरून कुणीतरी लांबवून म्हणालं, "सिलेन्झिओ…"