रीपर घेतलं म्हणे

"दादा, रीपर घेतलं म्हणं तुम्ही? केवढ्याला पडलं?"

गावाकडून धाकट्या भावाचा फोन. बातमी भाच्यानं पोचवली असणार. मी सहज म्हणालो, "पाच हजारांच्या आत-बाहेर." पलीकडं बराच वेळ काही ऐकू येईना. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "चोरीचं तर नाही ना?"

चूक त्याची नाही. लातूर भागात रीपर म्हटलं की सोयाबीन नाहीतर गहू कापायचं यंत्रच डोळ्यांपुढं येणार, आणि मजूर मिळेनात म्हणून तो दोन वर्षं त्याच यंत्राच्या मागं आहे. मी घेतलं होतं गाणं रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर. हे कळल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला, पण रसही संपला. "मग त्याला रीपर कामून म्हणतेत?" एवढं विचारून त्यानं फोन ठेवला. कामून म्हणतात ते मला पुढच्या पंधरा दिवसांत कळलं. माझी नऊ वर्षांची सवय त्यानं बुडख्यापासून कापली.

जुन्या सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही. नऊ वर्षं त्याच्या जिवावर चार पैसे मिळवले, आता उणंदुणं काढणं बरं दिसत नाही. त्याला चालायला एक यूएसबीची किल्ली लागायची. लायसन त्या किल्लीत. लॅपटॉपच्या कुशीतून ती अंगठ्याएवढी बाहेर आलेली असायची आणि तिला धक्का लागू नये म्हणून घरातली लहान पोरं खोलीच्या दारातच अडवली जायची. शेवटी धक्का लागला तो माझ्याच कोपराचा. त्यातच लॅपटॉप म्हातारा झाला, नवा घेतला, तर तो किल्लीला ओळखच देईना. मग म्हटलं, आता बास.

नवं निवडताना फार अभ्यास केला असं सांगायला आवडलं असतं. खरं कारण विनॅम्प, म्हणजे कॉम्प्युटरवर गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर. १९९७ साली विनॅम्प काढणारा जस्टिन फ्रँकेल यानंच पुढं रीपर आणलं, हे कुठंतरी वाचलं होतं. नेट कॅफेच्या काळात आमच्याकडं ज्या कॉम्प्युटरवर काहीच चालायचं नाही त्यावरही विनॅम्प चालायचं. त्या माणसाच्या हातचं आहे ना, मग घेऊ. शिवाय ६० दिवस सगळंच्या सगळं वापरून बघा, पटलं तर पैसे द्या असा मामला. आमचा किराणा दुकानदारसुद्धा इतका भरवसा ठेवत नाही.

माझी खोली म्हणजे गच्चीवर, पाण्याच्या टाकीला लागून. भिंतींना आईनं शिवलेल्या वाकळा टांगल्यात. आवाज घुमू नये म्हणून पुण्या-मुंबईकडं फोम लावतात, पण चार लुगड्यांच्या थराची वाकळ त्याहून वाईट नाही. उन्हाळ्यात मात्र आत बसणाऱ्याची भाजी होते, कारण रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद. खोली झाली २०१६ च्या एप्रिलात. तारीख पक्की आठवते, कारण त्याच महिन्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. मिरजेचे तंबोरे नाव काढून असलेले, त्या साली तिथून आम्हाला पाणी आलं. भजनी मंडळं, कीर्तनकारांचे अभंग, लग्नाच्या मंगलाष्टका, बियाणाच्या दुकानांच्या जाहिराती आणि निवडणूक आली की प्रचाराची गाणी, असं सगळं त्या खोलीतून निघालं. प्रचाराच्या गाण्यात चाल तीच ठेवून उमेदवाराचं नाव तेवढं बदलायला सांगणारेही भेटले.

नव्यावरचं पहिलं रेकॉर्डिंग एका भजनी मंडळाचं होतं. अण्णा पखवाजी आले, बुवा आले, दोन टाळकरी आले. अण्णांनी नेहमीप्रमाणं पितळीत कणीक मळली, पखवाजाच्या डाव्या तोंडाला थापली, बोटानं कड सारखी केली, दोन-तीनदा थाप मारून सूर पाहिला आणि मान हलवली. मी माइक लावले, हेडफोन दिले, आणि आकड्यांच्या कीपॅडवरचा स्टार दाबला. नऊ वर्षं स्टार दाबला की लाल दिवा लागायचा. काही झालं नाही. पुन्हा दाबला. माझ्या चेहऱ्यावर ज्ञान आणि हातात अज्ञान, अशी दहा मिनिटं गेली. आत ४० च्या पुढं तापमान. अण्णा म्हणाले, "सर, कणीक वाळायलीय."

कणीक वाळली की तिचं वजन घटतं आणि डावं तोंड चढतं, म्हणजे पुन्हा पाण्याचा हात फिरवा, पुन्हा सूर बघा. दोनदा ते झालं. तिसऱ्यांदा अण्णांनी कणीक खरवडून काढली आणि न बोलता नवी मळायला घेतली. तोवर मला कंट्रोल-आर सापडलं होतं.

पण मग बुवांनी पहिलीच ओळ धरून सोडली. हेडफोन एका कानावरून सरकवत म्हणाले, "सर, ह्यो मागचा टाळकरी कोण हाय? लई मागं पडायलाय."

टाळकऱ्यांनी तोंडच उघडलं नव्हतं. बुवांना ऐकू येत होते ते स्वतः बुवा. नवीन मांडणीत मी बफर १०२४ वर राहू दिला होता. आवाज एका सेकंदाला ४४,१०० वेळा मोजला जातो आणि कॉम्प्युटर त्यातले १०२४ साठवून मग पुढं सरकवतो, म्हणजे २३ मिलिसेकंदांचा उशीर. ऐकायला काहीच नाही. पण हवेत आवाज तेवढ्या वेळात आठएक मीटर जातो. गाभाऱ्यातून सभामंडपाच्या पायरीपर्यंत समजा. बुवांना स्वतःचा गळा आठ मीटर लांबून ऐकू येत होता, आणि हा नुसता एका टप्प्याचा हिशेब. आत यायचा आणि बाहेर जायचा मिळून खरा उशीर याहून जास्त. जुन्या ठिकाणी हा आकडा मी एकदा कधीतरी १२८ वर नेला होता आणि विसरून गेलो होतो. १२८ म्हणजे तीन मिलिसेकंद, अंतर एक मीटर. अण्णा बुवांच्या शेजारी बसतात तेवढंच. तो बदलला आणि मागचा टाळकरी गायब झाला. बुवांना अजून वाटतं की मी कुणालातरी खोलीबाहेर काढलं.

माणसाला सॉफ्टवेअर येत असतं ते डोक्यात नाही. डोक्याला विचारलं तर मला जुन्यातली बटणं सांगता आली नसती. ती बोटांनाच ठाऊक होती, आणि बोटं समजूत घालून ऐकत नाहीत. जुन्यात जी हे अक्षर दाबलं की चित्र लहान होऊन लांबचं दिसायचं. रीपरमध्ये जी दाबलं की निवडलेले तुकडे एकमेकांना बांधले जातात. मी सवयीनं जी दाबत गेलो, आणि नंतर चिपळ्यांचा एक तुकडा जरा पुढं सरकवायला गेलो तर बुवाही सरकले. माउसचं चाक फिरवून खालच्या ट्रॅकवर उतरायला जावं तर समोरची आवाजाची लाट आकसून ज्वारीच्या दाण्याएवढी व्हायची. एकच गोष्ट पहिल्या दिवसापासून आवडली. वाजवणं थांबवलं की हे जिथून सुरू केलं होतं तिथंच परत येतं. जुनं जिथं थांबवलं तिथंच बसून राहायचं. प्रत्येक चरणानंतर ध्रुपदावर यावं तसं आहे हे.

खरा जीव खाल्ला तो जुन्या कामांनी. शे-दीडशे प्रोजेक्ट. जुन्याची फाइल नव्यात उघडत नाही. आवाज सगळे हार्ड डिस्कवर शाबूत आहेत, एका माइकच्या एका मिनिटाला ८ एमबी या हिशेबानं ढीग पडलाय. पण प्रोजेक्ट म्हणजे आवाज नव्हेच, नुसता कागद आहे. हा तुकडा इथून इथपर्यंत वाजवा, तो गाळा, हा थोडा दाबा. कागद गेला की उरतात 'ऑडिओ ०१_१४' असल्या नावांचे तुकडे. ट्रॅकला नाव द्यायचा आळस मी नऊ वर्षं मनापासून केला होता. मग वाकडी किल्ली धरून जुना लॅपटॉप चालू करायचा, प्रत्येक ट्रॅक अगदी शून्यापासून सलग काढायचा, म्हणजे नव्यात मांडताना सगळे एका रेषेत उभे राहतात. एका हातानं किल्ली दाबून धरलेली. पंधरा दिवस माझा डावा अंगठा त्या कामावर होता.

त्यात एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या निघाल्या. २०१७ च्या. गंगाखेडकडच्या, म्हणजे जनाबाईच्या गावच्या बाजूच्या. त्या आता नाहीत. जातं त्यांच्याच घरी, मीच माइक घेऊन गेलो होतो. त्यांनी पहिलीच अट घातली की रिकामं जातं फिरवायचं नाही. मला फक्त घरघर हवी होती. त्या म्हणाल्या, ज्वारी आण. आणली. दोन ओव्या झाल्या की त्या थांबायच्या, मूठभर दाणे जात्याच्या तोंडात टाकायच्या, पुन्हा सुरू. मी तेव्हा नवा होतो आणि स्वच्छतेचं वेड होतं. घरी येऊन प्रत्येक थांबणं कापलं. त्रेसष्ट तुकडे! ऐकायला एकदम गुळगुळीत, कुठं श्वास नाही की काही नाही. जणू जात्याला मोटारच बसवली आहे.

या खेपेला मूळ फाइल सबंध निघाली, न कापलेली. त्यात दाणे पडल्याचा आवाज आहे, बांगड्या आहेत, मधे कुणीतरी "लाइट गेली" म्हणतं ते आहे. सगळ्यात शेवटी त्या म्हणतात, "बस, पायलीभर झालं." ते पीठ त्यांनी मला बांधून दिलं होतं. भाकरी खाल्ल्या आणि विसरलो. नव्यात ती फाइल ठेवली आणि कापायचं बटण, एस, एकदाही दाबलं नाही. एस कुठं आहे हे तोवर पाठही झालं होतं.

मग एके दिवशी मला अॅक्शन लिस्ट सापडली. रीपरमध्ये प्रश्नचिन्ह दाबलं की हजारो कामांची यादी उघडते, आणि कुठल्याही कामाला कुठलंही बटण लावता येतं. मी दार लावून घेतलं. एका रात्रीत रेकॉर्डिंग कंट्रोल-आरवरून काढून स्टारवर आणलं, जी वर लांबचं दिसणं आणलं, माउसचं चाक जुन्यासारखं केलं. सकाळपर्यंत सगळं इतकं जुन्यासारखं झालं की मी पैसे कशाचे भरले असा प्रश्न पडावा. थांबवल्यावर ध्रुपदावर येणं तेवढं तसंच ठेवलं.

परवा मी अंबाजोगाईला होतो. बुवांच्या दोन ओळी पुन्हा घ्यायच्या होत्या, म्हणून भाच्याला खोलीची चावी देऊन आलो होतो. हा पोरगा रीपरचे व्हिडिओ बघून माझ्यापेक्षा जास्त शिकलेला. दुपारी त्याचा फोन.

"मामा, कंट्रोल-आर दाबायलोय, काहीच होईना."

"स्टार दाब."

"कुठला स्टार?"

"उजवीकडं. आकड्यांच्या वर."

"असं कुठं असतंय का मामा? सगळेजण कंट्रोल-आर सांगतेत."

मी सांगायला तोंड उघडणार तोच फोनमध्ये मागून अण्णांचा आवाज आला, "आरं आटप की लवकर, कणीक वाळायलीय."